तिखट कानाच्या माणसाने खिशात कोणता प्लेअर ठेवावा?

बर्डीवाला | ९ मे, रात्री ११:१०

दोन महिने झाले, एकच गोष्ट डोक्यात घोळून राहिली आहे, म्हणून शेवटी धागा काढतो.

रोज सीताबर्डीहून खापरीला मेट्रोने जातो, तिथून पुढे मिहानमध्ये ऑफिस. जाता-येता तासभर तरी कानात गाणं असतं. बहुतेक शास्त्रीय, थोडं नाट्यसंगीत, कंटाळा आला तर जुनं हिंदी. फोनवर ऐकणं जमत नाही. ऐन विलंबितात क्रेडिट कार्डवाल्या बाईंचा फोन येतो आणि मारव्याचा चुराडा होतो. म्हणून बारा वर्षांपासून वेगळा प्लेअर वापरतो.

दोन वर्षांपूर्वी हौसेने चार आर्मेचरचे (आत आवाज काढणारे चार चिमुकले भाग) इन-इअर इअरफोन घेतले, तेव्हापासून बिनसलं. गायिका तार षड्जाला गेली की कानात सुई टोचते. डग्गा असा वाजतो की कोणी पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारून राहिलं आहे. आणि आलापात दोन स्वरांमधल्या शांततेत मागे सतत बारीक 'स्स्स्'. गंमत म्हणजे हेच इअरफोन मुलीच्या फोनला सातशे रुपयांचा डोंगल, म्हणजे इअरफोन फोनला जोडणारा वायरीचा तुकडा, लावून ऐकले, तर डग्गा भरून येतो आणि सुईही जाते. वायरीच्या एका तुकड्याने माझ्या बारा वर्षांच्या सोबत्याला हरवावं, हे काही पचत नाही.

आता डोळा चाळीस हजारांच्या एका प्लेअरवर आहे. आत दोन डॅक चिप (फाइलीतल्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या), बॅलन्स्ड आउटपुट, डीएसडी (फाइलींचा एक प्रकार), सगळं आहे. बायको म्हणते, तेवढ्यात तानपुऱ्याची जोडी येईल, स्वतःच गा. बोला.

(जुन्या प्लेअरच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बारा वर्षं इमानाने वाजला बिचारा.)


तर्रीबाज | ९ मे, रात्री ११:२४

भाऊ, चाळीस हजार! तेवढ्यात दोन कूलर येते अन् उरलेल्या पैशात वर्षभर तर्री-पोहे. मे महिन्यात नागपुरात माणूस डीएसडी शोधून राह्यला, कमाल हाय बाप्पा.


पेठेतला_कान | १० मे, सकाळी ७:५०

कूलरवाल्यांकडे दुर्लक्ष करा. प्लेअर घ्याच, पण आधी फाइली बदला. माझ्याकडे सगळं २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ आहे. सीडी म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, १९८२ सालचं तंत्रज्ञान. आवाजाभोवती जी हवा असते, ती सीडीत येत नाही. आणि चांदीची केबल घ्या, तार सप्तक मोकळं होतं.


तर्रीबाज | १० मे, सकाळी ८:०२

हवा पायजे त कूलर घे, हेच त म्हनून राह्यलो ना मी!


जवारी | १० मे, दुपारी २:१५

बर्डीवाला, प्लेअर आणि केबल राहू द्या बाजूला. तुमच्या फाइली आल्या कुठून, ते आधी सांगा.

मी गाणं शिकले आहे, आता शिकवते, त्यामुळे कुठलीही फाइल मिळाली की गवयाकडे लक्ष न देता आधी मागचा तानपुरा ऐकते. घोडीवर तारेखाली जो दोरा सरकवतो, त्याने तारेला जवारी चढते आणि एका स्वरातून वरचे पाच-पंचवीस स्वर झिरपायला लागतात. एमपीथ्री बनवणारं सॉफ्टवेअर मोठ्या आवाजाखाली झाकलं जाणारं टाकून देतं. बहुतेक वेळा त्याचा हिशेब बरोबर असतो. पण १२८ केबीपीएसमध्ये (सेकंदाला १२८ हजार बिट) बिटांची इतकी चणचण असते, की तानपुऱ्याचे हे झिरपणारे स्वर एका क्षणी ठेवले जातात, पुढच्या क्षणी टाकले जातात. कानाला ते पाण्याखालून आल्यासारखं, गरगरल्यासारखं लागतं. एकदा ओळखू आलं की मग सुटका नाही.

तबल्याचं दुखणं वेगळं. एमपीथ्री आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून काम करतं. तुकड्याच्या मधोमध कडक 'ना' पडला, तर त्याची चूक तुकडाभर पसरते, म्हणजे बोटाच्या आधीच, सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकी, एक मळकट झुळूक येते. त्याने 'ना'ची धार बोथट होते. चांगला एन्कोडर अशा जागी तुकडे आखूड करतो, स्वस्तातला करत नाही.

फूबार२००० या गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एबीएक्स नावाची सोय आहे. मूळ की एमपीथ्री, कोणती फाइल चालू आहे ते लपवून सोळा वेळा विचारते. माझा निकाल: १२८ला सोळापैकी सोळा, १९२ला बारा, ३२०ला नऊ. नऊ म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. तेव्हापासून ३२० आणि फ्लॅक (काहीही न टाकता दाबलेली फाइल) यांवरून मी कोणाशी भांडत नाही.


बर्डीवाला | १० मे, रात्री १०:३०

जवारीताई, सांगायला लाज वाटते. साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी बर्डीवर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे, आठवतं? निम्मा खजिना तिथला. फोल्डरचं नाव 'एचडी ओरिजिनल ३२०' आहे, त्यामुळे निश्चिंत होतो.


जवारी | १० मे, रात्री १०:४१

स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल टाका आणि चित्र बघा. रंग १६ हजार हर्ट्झच्या आसपास कात्रीने कापल्यासारखे संपले तर समजा, मूळ माल १२८चा.


बर्डीवाला | ११ मे, सकाळी ९:०५

वीस फाइली बघितल्या. सतरा कापलेल्या. कोणीतरी १२८च्या फाइली ३२०मध्ये फुगवून ठेवल्या आहेत. फाइल दुप्पट-अडीचपट झाली, आतलं गेलं ते गेलंच. ताकाचं दूध करायला निघाले होते.


तर्रीबाज | ११ मे, सकाळी ९:३०

तुम्हाले फुगवलेली गाणी भेटली, मले फुगवलेलं कार्डच भेटलं. अडीचशे रुपयात ६४ जीबी. भरभरून भजनं टाकली, बाबा खूश. आठ दिवसांनी अर्ध्या भजनात टक-टक, मंग एकदम गप. बाबा म्हनते प्लेअर बेकार हाय. दुसरा प्लेअर आनला, तोही टक-टक. शेवटी पोराने एचटूटेस्टडब्ल्यू (कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर) लावून पाह्यलं, कार्ड ८ जीबीचं निंगालं! त्याच्या वरचं सगळं नुसतं नावाले. दोन प्लेअर बदनाम झाले फुकट.


ओहमकाका | ११ मे, सायंकाळी ६:२०

फाइलींबद्दल जवारीताई बरोबर आहेत. पण सुई टोचण्याचं कारण फाइल नाही. त्याच फाइली, तेच इअरफोन, डोंगलवर बरे वाजतात असं बर्डीवाले स्वतःच लिहितात. म्हणजे दोष प्लेअर आणि इअरफोन यांच्या मधल्या सांध्यात शोधला पाहिजे. आणि दुखणं नव्या इअरफोनबरोबर आलं, हाही पुरावाच. प्लेअर म्हातारा झाला म्हणून बिघडला असता तर जुन्या इअरफोनवरही बिघडला असता.

प्लेअरबरोबर आलेलं माहितीपत्रक अजून असेल तर त्यात आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे प्लेअरच्या आतला विजेचा अडथळा, बघा.


बर्डीवाला | ११ मे, रात्री ८:५०

काका, मॅन्युअल सापडलं. बायकोच्या शिलाई मशीनच्या खणात होतं. शेवटच्या पानावर २० ओहम लिहिलं आहे.


ओहमकाका | ११ मे, रात्री ९:४५

सापडला चोर.

जरा समजावून सांगतो, इतरांनाही उपयोग होईल. प्लेअरच्या आत विजेच्या वाटेवर २० ओहमचा अडथळा बसला आहे असं समजा. त्यानंतर तुमचा इअरफोन. दोघे एका ओळीत, त्यामुळे व्होल्टेजची वाटणी होते, ज्याचा ओहम मोठा त्याला मोठा वाटा. इअरफोनचा ओहम सगळ्या सुरांना सारखा असता तर काही बिघडलं नसतं, आवाज थोडा कमी आला असता एवढंच. जुन्या पद्धतीच्या एका पडद्याच्या इअरफोनचा तो बराचसा सारखा असतो. पण चार आर्मेचर आणि त्यांना सूर वाटून देणारं सर्किट आलं, की हा आकडा डोंगरदऱ्यांसारखा वरखाली होतो. एका पट्टीत ८ ओहम, दुसऱ्या पट्टीत ४०, असं सर्रास दिसतं.

आता भागाकार करा. १० भाग व्होल्टेज निघालं. जिथे इअरफोन ४० ओहमचा, तिथे त्याला मिळाले ६.७ भाग. जिथे ८चा, तिथे २.९ भाग. डेसिबलमध्ये फरक सातच्या वर. म्हणजे एक पट्टी दुसरीपेक्षा सात डेसिबलने उचलली गेली, आणि हे कोणी मुद्दाम केलेलं नाही! तुमच्या इअरफोनचा डोंगर बहुधा तीन-चार हजार हर्ट्झपाशी आहे, आपला कान नेमका तिथेच सर्वांत हळवा. म्हणून सुई. डग्ग्याची पट्टी दरीत गेली, म्हणून पुठ्ठा. हाच हिशेब १ ओहमच्या डोंगलला लावा, फरक एक डेसिबलच्या आत येतो.

महागडे लोकही यात फसले आहेत. ॲस्टेल अँड कर्नचा एके१०० हा २०१२चा प्लेअर चोखंदळांसाठीच निघाला होता, त्याचा आउटपुट इम्पिडन्स २२ ओहम होता. ढोबळ नियम असा की प्लेअरचा आकडा इअरफोनच्या आकड्याच्या आठव्या हिश्शापेक्षा जास्त नको.

उरला 'स्स्स्'. पूर्ण शांततेची एक मिनिटाची फाइल बनवा आणि ती वाजवा. नुसतं पॉज करू नका, बरेच प्लेअर पॉजमध्ये ॲम्प्लिफायर बंद करतात. शांततेतही आवाज आला तर तो प्लेअरचा. नाही आला तर तो मूळ टेपचा, आणि तो चाळीस लाखांच्या प्लेअरनेही जाणार नाही.


मेट्रोप्रवासी | १२ मे, सकाळी ९:१५

तुम्ही सगळे वायरीतच अडकले आहात. ब्लूटूथचे हेडफोन घ्या, एलडॅक (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची एक पद्धत) लावा, ९९० केबीपीएस मिळतात, ओहमची कटकटच संपली. मात्र खरं सांगतो, सीताबर्डीला दोन्ही लाइनची गर्दी एकत्र झाली की एलडॅक तुटायला लागतो आणि मी गुपचूप ३३०वर आणतो. तिथे ऐकू काय येणार तसंही.

अजून एक, डग्गा पुठ्ठ्यासारखा असेल तर इअरफोनची रबरी टोपीही बघा. माझ्या डाव्या कानाला मोठी लागते आणि उजव्याला मधली, हे कळायला दोन वर्षं लागली. फट राहिली की खर्ज आधी पळतो. फोमच्या टोप्या दोनेकशे रुपयांत मिळतात.


जवारी | १२ मे, सकाळी १०:००

आणि टोपी नीट बसली की आवाज कमी ठेवता येतो. मेट्रोच्या खडखडाटावर मात करायला म्हणून लोक आवाज वाढवत जातात. जागतिक आरोग्य संघटनेचं माप आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल असं आहे. तीन डेसिबल वाढवले की तास निम्मे. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी दम देऊन हे सांगते. कान गेला तर रियाज कशाचा करणार?


पेठेतला_कान | १२ मे, दुपारी १:३०

आकडेमोडीने गाणं ऐकू येत नसतं. भागाकार करून कोणी भैरवी ओळखलीय का? मी चार प्लेअर वापरले, चारही वेगळे वाजतात. मला ऐकू येतं, विषय संपला.


ओहमकाका | १२ मे, दुपारी ३:१०

कानाने ऐकायचं हेच तर म्हणतोय. फक्त डोळे मिटून. रविवारी धरमपेठेत माझ्या घरी या सगळे. चहा माझा, मल्टिमीटर माझा.


पेठेतला_कान | १२ मे, दुपारी ३:२५

मे महिन्यात नागपूरला? जिवावर उदार नाही झालो अजून. माझी सर्वांत चांगली २४/१९२ फाइल पाठवतो, तिची परीक्षा घ्या. स्वतः बसून रेकॉर्ड केलेली सतार आहे.


बर्डीवाला | १८ मे, रात्री ११:५५

आजचा वृत्तान्त. लांब आहे, सवडीने वाचा.

काकांकडे मी, जवारीताई आणि मेट्रोप्रवासी. तर्रीबाज पोह्यांचा डबा घेऊन आला आणि पोहे संपेपर्यंत कोणाला कानात काही घालू दिलं नाही. मेट्रोप्रवासीने मित्राचा प्लेअर उसना आणला होता, माझा डोळा होता तोच, चाळीस हजारांचा. शिवाय डोंगल आणि माझा म्हातारा.

आधी काहीच न जुळवता, तिन्ही मधोमध आवाजावर लावून ऐकले. चाळीसवाला सगळ्यांना आवडला. काय भरदार, काय मोकळा! जवारीताईसुद्धा मान डोलवून राहिल्या. मग काकांनी एक जुनी ऑक्स केबल मधोमध कापली, तारा सोलल्या, त्यावर मल्टिमीटरच्या पिना लावल्या आणि इअरफोन जोडलेलाच ठेवून शंभर हर्ट्झचा सूर सोडला. हजारचा का नाही, असं विचारलं तर म्हणाले, स्वस्त मल्टिमीटर घरच्या पन्नास हर्ट्झच्या विजेसाठी घडलेला असतो, हजारला तो थापा मारतो. चाळीसवाला डोंगलपेक्षा अडीच डेसिबलने मोठा निघाला. एवढंच होतं ते भरदार. काकांनी दोन्ही २०० मिलिव्होल्टवर आणले, एक-दोन मिलिव्होल्टच्या फरकाने. म्हाताऱ्याचा व्हॉल्यूम मोठ्या पायऱ्यांनी हलतो, तो २०६वर अडला. चालवून घेतलं.

आता परीक्षा. काकांचा नातू आठवीत आहे. तो पडद्यामागे बसून नाणं उडवायचा आणि त्याप्रमाणे पिन लावायचा. काकांची अट अशी की तोच प्लेअर पुन्हा आला तरी पिन काढून परत लावायची, नाहीतर 'खट' ऐकूनच माणूस ओळखतो. वर त्याला ताकीद, चेहरा पडद्याबाहेर काढायचा नाही.

आणि इथे कूलरने घात केला. चालू ठेवला तर फोनच्या ॲपवर खोलीतला आवाज ५८ डेसिबल, बंद केला तर ३४. (फोनचं ॲप म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, पण अंदाज येतो.) कूलर चालू असताना तानपुराच लागत नव्हता, तर फरक कशाचा सांगणार? शेवटी पाच-पाच मिनिटं कूलर बंद, मग दहा मिनिटं चालू, असं केलं. बाहेर ४४ डिग्री. इअरफोनच्या टोप्या घामाने घसरत होत्या, दर वेळी पुसून घातल्या.

निकाल:

चाळीसवाला की डोंगल? मी सोळापैकी सात. मेट्रोप्रवासी आठ. जवारीताई दहा, आणि त्या स्वतःच म्हणाल्या की दहा म्हणजे काही नाही, किमान बारा हवेत. 

म्हातारा की डोंगल? तिघेही सोळापैकी सोळा. दोन सेकंदांत ओळखू येत होतं. जणू दोन वेगळ्या गायिका.

मग काकांनी माझा जुना एका पडद्याचा इअरफोन मागितला. तो मी कशाला आणला होता मलाच माहीत नव्हतं, पिशवीत होता. पुन्हा जुळवाजुळव केली, म्हातारा की डोंगल? मी नऊ! ज्याला दोन वर्षं शिव्या घातल्या तो प्लेअर त्याच्या जुन्या जोडीदाराबरोबर अगदी धडधाकट होता. मी त्याचं लग्न चुकीच्या घरी लावून दिलं होतं.

शांततेच्या फाइलीवर 'स्स्स्' म्हाताऱ्यात होता, डोंगलमध्ये जवळजवळ नाही. चाळीसवाल्यात हाय गेनवर (जास्त ताकदीवर) डोंगलपेक्षा थोडा जास्तच, लो गेनवर गेला. त्याच्या भरपूर ताकदीचा माझ्या नाजूक इअरफोनला उपयोग नाही, हे काकांचं म्हणणं पटलं. मोठा ३०० ओहमचा हेडफोन असता तर गोष्ट वेगळी.

राहिली पुण्याची सतार. काकांनी तिची १६/४४.१ प्रत बनवली, मग ती मूळ फाइलीसारखीच २४/१९२ डब्यात परत भरली, म्हणजे प्लेअरच्या पडद्यावरचा आकडा बघून कोणी ओळखू नये. जवारीताई आठ, मी सहा. काकांनी भागच घेतला नाही. म्हणाले, मी ६७ वर्षांचा, दहा हजार हर्ट्झच्या वरचा पत्ता माझ्याकडे नाही, मी कसला हाय-रेझ ऐकतो.

पण पेठेतले कान, तुमची ती सतार इतकी सुंदर रेकॉर्ड झाली आहे की परीक्षा संपल्यावर आम्ही ती पूर्ण ऐकली. कूलर बंद ठेवून. कोणीही तक्रार केली नाही.


पेठेतला_कान | १९ मे, सकाळी ८:१५

सतार आवडली याचा आनंद आहे. १६/४४.१ची प्रत मलाही पाठवा, मी इथे करून बघतो. केबलबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे.


ओहमकाका | १९ मे, सकाळी ८:४०

जरूर करा. ती फाइल चांगली का वाजते, त्याचं उत्तर मला माइकच्या जागेत वाटतं. माइक सतारीजवळ आहे, खोली शांत आहे आणि नंतर कोणी ती दाबून मोठी केलेली नाही. १६ बिटांत ९६ डेसिबलची जागा असते. त्यात तुमची सतार पाय पसरून झोपेल. बाजारात 'रीमास्टर्ड' म्हणून जे येतं, ते पुष्कळदा आवाज मोठा करण्यासाठी इतकं दाबलेलं असतं की ९६पैकी पंधरासुद्धा वापरलेले नसतात. मग २४ बिट घेऊन त्यात काय भरणार?


पेठेतला_कान | १९ मे, सकाळी ८:५८

खोली शांत होती कारण पहाटे चारला रेकॉर्डिंग केलं. पेठेत तेवढीच वेळ शांत असते.


जवारी | १९ मे, दुपारी १२:३०

वेगळ्या प्लेअरची बाजू कोणीच घेतली नाही, म्हणून मी घेते. माझ्याकडे छोटा, बटणांचा प्लेअर आहे. पदराच्या आत हात घालून, न बघता गाणं मागे नेता येतं. टच स्क्रीनवर नाही येत. एकच तान वीस वेळा ऐकणाऱ्याला हे डॅक चिपपेक्षा मोठं आहे.

दुसरं, घ्यायच्या आधी गॅपलेस नीट चालतं का ते बघाच. सीडीवर एकच राग आलाप, जोड, झाला असा तीन ट्रॅकमध्ये तोडलेला असतो, मध्ये तानपुरा अखंड. खराब प्लेअर त्या सांध्यावर अर्धा सेकंद गप्प बसतो. नुकती समाधी लागत असते आणि कोणी चिमटा काढावा तसं होतं. एमपीथ्रीत सुरुवातीला आणि शेवटी थोडी रिकामी जागा मुळातच भरली जाते, प्लेअरने ती ओळखून कापावी लागते. फ्लॅकमध्ये ही भानगड नाही.

तिसरं, मराठी नावं. माझ्या पहिल्या प्लेअरवर सगळे चौकोन दिसायचे. दुसऱ्यावर अक्षरं आली, पण वेलांट्या जागा सोडून. 'किराणा'चं 'कराणाि'. शेवटी नावं रोमन लिपीत घातली आणि अजून त्याचं वाईट वाटतं.


मेट्रोप्रवासी | १९ मे, दुपारी १:०५

आणि घेतलाच तर उन्हात गाडीच्या डिक्कीत विसरू नका. माझा एक प्लेअर मे महिन्यात तसाच गेला. दुपारी पुदिन्यासारखा सपाट ठेवला होता, संध्याकाळी बॅटरी फुगून पाठीचं झाकण उचललं गेलेलं. चूक माझीच.


तर्रीबाज | १९ मे, दुपारी १:२०

पुदिना सपाट असते का बे?


मेट्रोप्रवासी | १९ मे, दुपारी १:२२

पापड लिहायचं होतं. फोनने बदललं.


बर्डीवाला | २० मे, रात्री १०:२०

ठरलं. चाळीस हजार वाचले, बायकोने त्यांचा हिशेब आधीच सुरू केला आहे.

मुलीचा जुना फोन घरात पडून होता. सिम काढलं, विमान मोडवर टाकला, त्याला डोंगल. हा झाला नव्या इअरफोनचा प्लेअर. आता कोणी क्रेडिट कार्ड विकायला येत नाही. काका म्हणाले की अँड्रॉइड बरेचदा सगळं ४८ किलोहर्ट्झवर आणून मग बाहेर सोडतं, ते टाळणारी ॲप्स आहेत, पण आज सोळा परीक्षा दिलेल्या माणसाने त्यासाठी झोप घालवू नये. म्हाताऱ्याला त्याचा जुना इअरफोन परत दिला. तो आता स्वयंपाकघरात ओट्याजवळ असतो, नाट्यसंगीत तिकडे.

कार्डवाल्या सतरा फाइली उडवल्या. उडवताना एक ठुमरी मात्र ठेवली. पाण्याखालची आहे, तरी ठेवली. कॉलेजात असताना ती तशीच ऐकली होती.

आता कपाटात चाळीसेक सीडी आहेत, दहा वर्षं हात न लावलेल्या. त्या फ्लॅकमध्ये घ्यायच्या आहेत. तासाभराची सीडी सहाशे एमबीच्या वर असते, फ्लॅकमध्ये साधारण निम्म्यावर येते, असं वाचलं. अडचण एकच, घरातल्या एकाही कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह नाही. कोणाकडे आहे का?


ओहमकाका | २० मे, रात्री १०:४५

माझ्याकडे आहे. निम्म्याची खात्री मात्र धरू नका. जुन्या ७८च्या तबकड्यांवरून केलेल्या सीडी असतील तर त्यांची खरखर फ्लॅकला दाबता येत नाही, फाइल मोठी होते. पण तेच रेकॉर्डिंग एका माइकचं, दोन्ही कानांत अगदी सारखं असेल, तर उलट लहान होते. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचं सॉफ्टवेअर लावू, ते आपली प्रत इतरांनी काढलेल्या प्रतींशी ताडून बघतं. ओरखडे असलेल्या सीडी वेगळ्या काढून ठेवा आणि मऊ कापडाने मधून बाहेर पुसा, गोल गोल नाही.

रविवारी सकाळी सातला या, ऊन चढायच्या आत. नातवाला परीक्षेचे पन्नास रुपये कबूल केले होते, ते तुमच्याकडे निघतात.


तर्रीबाज | २० मे, रात्री १०:५२

बाबांची भजनं बी भरून देजा काका. कार्ड खरं आनतो ह्या टायमाले.